पहिलाच गुन्हा आणि मोडलेले हाड: शिक्षा ठरवताना न्यायालय काय पाहते?

दुधनाकाठ

नमस्कार. आमचे गाव परभणी जिल्ह्यात, दुधनेच्या काठावर आहे. जून २०२३ मध्ये पेरणीच्या तोंडावर धुरा (शेताचा बांध) कोरल्याच्या कारणावरून माझ्या धाकट्या भावाचे आणि आमच्या चुलत भावाचे भांडण झाले. शिवीगाळीवरून प्रकरण हातघाईवर आले आणि धाकट्याच्या हातातली काठी चुलत भावाच्या डाव्या मनगटावर बसली. एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचे निघाले. "शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी व काठीने मारहाण करून गंभीर दुखापत केली व जिवे मारण्याची धमकी दिली," अशी नेहमीच्या साच्यातली फिर्याद आहे. भारतीय दंड संहितेची ३२५ (गंभीर दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (शिवीगाळ, अपमान) आणि ५०६ (धमकी) ही कलमे लागली आहेत.

घटनेच्या वेळी धाकटा २० वर्षांचा होता, आता २२ संपून गेली आहेत. त्याच्यावर यापूर्वी साधी एनसीसुद्धा (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नाही. तो पोलीस भरतीची तयारी करतो. साक्षीपुरावा आणि युक्तिवाद संपले असून प्रकरण निकालावर आहे. आमचे वकील म्हणतात की दोषी ठरलाच तर "पहिलाच गुन्हा आहे, वय लहान आहे, आईवडील म्हातारे आहेत" असे सांगून कमी शिक्षा मागू. एवढे सांगितल्याने खरोखर काही फरक पडतो का? की ते केवळ बोलायचे म्हणून बोलायचे असते? जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

काळा कोट

मी तीस वर्षे फौजदारी वकिली केली, त्यातली बरीचशी तालुक्याच्या न्यायालयांत. आपल्या प्रकरणाची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण उत्तर समजावे आणि शेवटचा शब्द आपल्या वकिलांचा मानावा.

फरक पडतो, आणि पुष्कळ पडतो. पण आपल्या वकिलांनी सांगितलेल्या वाक्याने तो पडत नाही. ते वाक्य न्यायाधीश आठवड्यातून दहा वेळा ऐकतात. म्हातारे आईवडील कोणाला नसतात?

आधी चौकट पाहू. कलम ३२५ खाली सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. किमान शिक्षा नाही. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे असेल तर त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कारावास देण्याचा अधिकार नाही. म्हणजे एका टोकाला तीन वर्षे आणि दुसऱ्या टोकाला एकही दिवस तुरुंगात न जाता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका, एवढे मोठे मैदान न्यायाधीशांपुढे मोकळे असते. या मैदानात कोठे उभे राहायचे हे सांगणारा तक्ता आपल्याकडे नाही. शिक्षा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे ना कायदेमंडळाने घालून दिली ना न्यायालयांनी, ही खंत सर्वोच्च न्यायालयाने सोमन विरुद्ध केरळ राज्य या निकालात बोलून दाखवली आहे. न्यायमूर्ती मळिमठ समितीने २००३ मध्ये अशा तत्त्वांची शिफारस केली होती. ती अजून शिफारसच आहे. त्यामुळे शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती न्यायाधीशांसमोर कोणी, कशी आणि कोणत्या कागदासह ठेवतो यावर बरेच काही अवलंबून राहते.

आता आपल्या भावाच्या बाजूचे पाहू. हाती काठी होती, कत्ती किंवा कुऱ्हाड नव्हती. ही गोष्ट दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे. धारदार किंवा घातक हत्याराने हाड मोडले असते तर कलम ३२६ लागले असते. त्या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ च्या कलम ४ चा, म्हणजे बंधपत्रावर सुटण्याचा, लाभ देता येत नाही. मोडलेले हाड एकच, पण हातात काय होते यावरून बंधपत्राचा दरवाजा उघडा राहतो किंवा बंद होतो. दुसरे असे की, काठी मुद्दाम घरून आणली की शेतात काम करताना हातात होती? वार डोक्यावर होता की हातावर? एक होता की अनेक? चुलत भाऊ खाली पडल्यावरही मारणे चालू राहिले का? या प्रश्नांची उत्तरे साक्षीदारांच्या उलटतपासात आलेली असतील तर ती शोधून काढावीत. शिक्षेच्या वेळी नवा साक्षीदार सहसा कोणी उभा करत नाही. जे आधीच निशाणी पडून (पुराव्याचा क्रमांक मिळून) अभिलेखावर आहे, तेच कामाला येते.

वयाबाबत एक कटू गोष्ट सांगतो. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे २१ वर्षांखालील आरोपीला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, सहसा कारावास देऊच नये असे आहे, आणि द्यायचा झाल्यास न्यायालयाला कारणे लिहावी लागतात. पण हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे नाही, तर न्यायालय दोषी ठरवते त्या दिवशीचे धरतात. सर्वोच्च न्यायालयाने हे साठच्या दशकातच स्पष्ट केले आहे. आपला भाऊ त्या वेळी २० वर्षांचा होता. तो २१ वर्षांचा होण्याआधी खटला संपला असता तर हे संरक्षण त्याला मिळाले असते. तारखांनी ते खाऊन टाकले. तरीही कलम ४ खाली "अपराध्याचे चारित्र्य" पाहताना घटनेच्या वेळचे कोवळे वय सांगता येते आणि सांगावेच. खटला लांबण्यात आरोपीचा हात नसेल, एकही तारीख त्याच्या गैरहजेरीमुळे गेली नसेल, तर तेही रोजनाम्यावरून (न्यायालयाच्या तारीखवार नोंदींवरून) दाखवता येते.

आणि एक प्रश्न. मारहाणीनंतर आपल्या भावाने काय केले?

दुधनाकाठ

साहेब, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल आभार. मारहाणीनंतर धाकटा फार घाबरला होता. त्यानेच मोटारसायकल काढली, चुलत भावाला मध्ये बसवून, मागे आमच्या काकूला बसवून तालुक्याच्या रुग्णालयात नेले. पण आमचा बचाव असा होता की मारहाण झालीच नाही, चुलत भाऊ ओल्या धुऱ्यावरून पाय घसरून पडला. त्यामुळे रुग्णालयाचा विषय साक्षीत फारसा आलाच नाही.

बालाघाटी

मी बीड जिल्ह्यातला. वरची चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो.

माझ्या वडिलांना सामाईक विहिरीच्या पाळीवरून भावकीतल्या एकाने मारले. गुडघा गेला. आरोपीचा "पहिलाच गुन्हा" होता. निकालाच्या दिवशी त्याच्या वकिलाने त्याची लहान मुले, त्याची कोरडवाहू जमीन, त्याची सासू, सगळे सांगितले. माझे वडील मागच्या बाकावर बसले होते. त्यांना कोणी एक शब्दही विचारला नाही. आरोपी बंधपत्रावर सुटला आणि वडिलांना पाच हजार रुपये भरपाई मिळाली. त्यापेक्षा जास्त पैसे आमचे तारखांना जाण्यायेण्यात गेले होते. आज वडील पाटपाण्याला जाऊ शकत नाहीत, बसलेले उठताना भिंत धरतात. मारणारा मात्र दरवर्षी त्याच विहिरीवर मोटार चालू करतो.

मारणाऱ्या प्रत्येकाचा कधी ना कधी पहिला गुन्हा असतोच. मार खाणाऱ्याचा तो पहिला गुडघा नसतो, एकुलता एक उजवा गुडघा असतो. ज्याचे हाड मोडले त्या चुलत भावाचा हात आज कसा आहे, हे धागाकर्त्याने एका ओळीतही लिहिलेले नाही.

दुधनाकाठ

आपले म्हणणे बोचले, पण खरे आहे. त्याचा हात वाकडा जुळला आहे. बादली उचलताना त्याला तो आखडता घ्यावा लागतो. पाच एकराचा एकटा करणारा माणूस आहे. आमचे बोलणे नाही, पण धुरा एकच असल्यामुळे दिसत राहते.

काळा कोट

बालाघाटी यांचा राग रास्त आहे. आरोपीच्या बाजूने शिक्षेबाबत बोलताना जखमी माणूस अदृश्य होतो, हा आपल्या पद्धतीतला जुना दोष आहे. पण कायद्यात त्याला जागा नाही असे नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५७ न्यायालयाला भरपाई देण्याचा अधिकार देते, आणि अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे आणि ती दिली किंवा नाकारली तर त्याची कारणे देणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. बंधपत्रावर सोडतानासुद्धा परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ५ खाली भरपाई आणि खर्च देण्याचा आदेश करता येतो.

पाच हजारांचा आदेश अपुरा वाटला असता तर आपल्या वडिलांना अपील करता आले असते, हे त्या वेळी आपल्याला कोणी सांगितले नसावे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ च्या परंतुकाने पीडिताला अपिलाचा हक्क तीन गोष्टींसाठी दिला आहे: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली. शिक्षा कमी झाली म्हणून मात्र पीडिताला अपील नाही. ते काम सरकारचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पुन्हा सांगितले. पीडिताला सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकीलही देता येतो. औषधांच्या पावत्या, शस्त्रक्रियेचे बिल, मजूर लावून करून घेतलेल्या कामाचा खर्च हे सगळे त्या वकिलाने शिक्षेच्या वेळी पुढे ठेवायचे असते. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या गुडघ्याची किंमत न्यायालय अंदाजाने करते, आणि तो अंदाज नेहमी खालच्या बाजूला चुकतो, हा माझा अनुभव आहे.

दुधनाकाठ, आता आपल्याकडे वळतो. आपण सांगितलेली मोटारसायकलची गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे आणि ती आपण शेवटी सांगितलीत. मारून पळून जाणारा आणि मारून झाल्यावर जखमीला उचलून दवाखान्यात नेणारा, यांत न्यायालय फरक करते. पण आपल्या बचावाशी ती कशी जुळते हे नीट समजून घ्या. खटल्यात आपण "मारलेच नाही" म्हणालात. दोषी ठरल्यावर लगेच "रागाच्या भरात मारले, चूक झाली" असे भावाने कबूल केले तर अपिलात ते आपल्याच गळ्यात येईल. म्हणून अनुभवी वकील असे म्हणतो: अपिलाचा हक्क राखून, न्यायालयाने काढलेला निष्कर्ष तूर्त धरून चालू, त्या निष्कर्षाप्रमाणेही घटना अचानक घडली, हत्यार आणलेले नव्हते, आणि जखमीला आरोपीनेच उपचारासाठी नेले. यात कबुलीही नाही आणि खोटेपणाही नाही. "तो घसरून पडला" हे मात्र शिक्षेच्या वेळी पुन्हा सुरू करू नये. न्यायाधीशांनी नुकतेच जे नाकारले तेच पुन्हा ऐकवणे म्हणजे पश्चात्ताप नसल्याचा पुरावा स्वतः देणे होय.

रुग्णालयात मारहाणीचा रुग्ण आला की एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होते आणि त्यात रुग्णाला कोणी आणले याचा उल्लेख बहुधा असतो. डॉक्टरांच्या साक्षीत दाखल झालेल्या कागदांत ती नोंद आहे का, हे नक्कल काढून पाहावे.

लातूरची लेक

माझ्या मोठ्या दिरांना अशाच प्रकरणात दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडले होते. त्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालाचा मोठा वाटा होता, म्हणून आमच्या घरी काय झाले ते लिहिते. लोक या अधिकाऱ्याला पोलीस समजतात आणि घाबरून उलटसुलट बोलतात.

न्यायालयाने अहवाल मागवल्यावर अधिकारी एका दुपारी न सांगता आले. ओसरीवर बसले, पाणी घेतले आणि पहिला प्रश्न माझ्या सासूबाईंना विचारला, "रात्री किती वाजता घरी येतो?" मग दारू, मटका, पत्नीशी वागणूक, कर्ज, मुले कोणत्या शाळेत, अशी चौकशी झाली. सरपंचांचे चारित्र्याचे पत्र आम्ही मोठ्या अभिमानाने पुढे केले. त्यांनी ते पाहिले, घडी घातली आणि बाजूला ठेवले. त्यांची नजर गेली ती भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या दूध डेअरीच्या पावत्यांच्या गठ्ठ्याकडे. दीर रोज सकाळी आणि संध्याकाळी डेअरीला दूध घालतात, त्याच्या चार वर्षांच्या पावत्या सासूबाईंनी तारेत ओवून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या चाळल्या, मधले काही महिने मुद्दाम पाहिले आणि वहीत लिहून घेतले. नंतर ते शेजारी गेले आणि तेथून थेट फिर्यादीच्या घरी गेले.

आम्हाला तो अहवाल वाचायला मिळाला नाही. पण न्यायाधीशांनी आदेशात "आरोपीचा नियमित व्यवसाय आहे" असे लिहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हशीनं वाचवलं."

काळा कोट

ताईंनी फार नेमके लिहिले आहे. कायद्यात त्यासाठी आधारही आहे. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ खाली सोडताना अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याचे निश्चित ठिकाण किंवा नियमित व्यवसाय आहे याची न्यायालयाने खात्री करायची असते. पावती ही खात्री देते, पत्र देत नाही. सरपंच गावात सगळ्यांनाच पत्र देतात. अहवाल गोपनीय मानला जातो, मात्र न्यायालयाला वाटल्यास त्याचा सारांश आरोपीला कळवता येतो.

बंधपत्राची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. न्यायालय देखरेखीचा आदेशही करू शकते. तो निदान एक वर्षाचा असतो, आणि मग गाव सोडताना, काम बदलताना अधिकाऱ्यांना कळवावे लागते. अट मोडली तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते. पहिल्याच वेळी मोडली असेल तर बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावर भागवण्याचीही सोय १९५८ पासून तशीच आहे. पन्नास रुपयांना हसू नये, त्यामागची टांगती शिक्षा खरी असते.

कयाधू

हिंगोलीहून विचारतो. दोन शंका आहेत. भांडणाच्या वेळी आरोपी दारू प्यायलेला होता हे शिक्षा कमी करण्यासाठी सांगता येते का? आणि प्रकरणात ॲट्रॉसिटीचे कलम असेल तर हेच सगळे लागू होते का?

काळा कोट

स्वतःहून घेतलेल्या दारूने शिक्षा कमी होत नाही. उलट ती सवय असल्याचे दिसले तर बंधपत्र देताना न्यायाधीश दहा वेळा विचार करतात. व्यसनमुक्तीचे उपचार आधीपासून सुरू असतील आणि त्याचा कागद असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सरळ आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ च्या कलम १९ प्रमाणे, त्या अधिनियमाखाली दोषी ठरलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीला परिवीक्षा अधिनियमाचा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६० चा (बंधपत्रावर सोडण्याचीच तरतूद) लाभ मिळत नाही. पहिलाच गुन्हा असला तरी नाही. आपल्या भागातला इतिहास पाहता ही तरतूद का आली हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नसावी.

बालाघाटी

नव्या कायद्यात मारहाणीला समाजसेवेची शिक्षा आली आहे असे आमच्याकडे सगळे म्हणतात. मंदिर झाडले की सुटला, असे आहे का?

काळा कोट

नाही. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा मोजक्या किरकोळ गुन्ह्यांना आहे. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, अब्रुनुकसानी, पहिल्यांदा केलेली ५,००० रुपयांच्या आतली चोरी आणि मुद्देमाल परत, अशांसाठी. मारहाण त्यात नाही.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना नवा कायदा लागतो. तेथे साध्या दुखापतीचा दंड १,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेला आहे. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत तीव्र वेदनांचे २० दिवस होते, ते आता १५ आहेत. म्हणजे "मुका मार" म्हणून सोडून दिलेली काही प्रकरणे वरच्या कलमात जाऊ शकतात. दुसऱ्या बाजूने, आरोपनिश्चितीपासून ३० दिवसांत अर्ज करून गुन्हा कबूल करणाऱ्या आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला, किमान शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, ठरवून दिलेल्या शिक्षेच्या एक षष्ठांश शिक्षा देता येते. दुधनाकाठ यांचे प्रकरण २०२३ चे असल्याने त्यांना जुनीच कलमे लागतील.

दुधनाकाठ

भरतीचे कसे? बंधपत्रावर सुटला तर फॉर्ममध्ये "गुन्हा नाही" असे लिहिता येईल का?

काळा कोट

नाही, तसे लिहू नये. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याखाली येणारी अपात्रता अशा व्यक्तीला लागत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे सांगितले आहे, आणि नोकरीतल्या माणसावर मूळ वर्तनाबद्दल कारवाई होऊ शकते हेही त्यात आले. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालाप्रमाणे साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने भरायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये) गुन्ह्याची माहिती खरी द्यावी लागते. ती खरी दिली तरी नेमायचे की नाही हे गुन्ह्याचे स्वरूप पाहून नेमणारा ठरवतो. लपवलेले सापडले तर मात्र बोलायला जागा उरत नाही. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी कडक असते, हे भावाला आजच स्पष्ट सांगावे.

म्हणूनच एक मार्ग अजून बंद झालेला नाही, तो पाहा. कलम ३२५ हे न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीस पात्र आहे आणि ३२३ जखमी स्वतः मिटवू शकतो. तडजोड झाली तर परिणाम निर्दोष सुटकेचा असतो, बंधपत्रापेक्षा कितीतरी वेगळा. त्यासाठी चुलत भावाची मनापासून संमती हवी. भावकीचा दबाव, रात्रीची बैठक, "कोर्टात काय मिळणार तुला" अशी भाषा, यातले काही करू नका. ते न्यायाधीशांना संमती विचारताना कळते आणि मग शिक्षेच्या वेळी तेच आपल्याविरुद्ध जाते.

दुधनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

वडील एकटेच चुलत भावाकडे गेले होते. त्याने तडजोडीला नकार दिला. म्हणाला, "पैसे घेऊन मिटवलं असं गावानं म्हणायला नको. कोर्ट जे देईल ते घेईन." वडिलांनी चहा घेतला आणि ते परत आले; त्यापुढे आम्ही तो विषय काढला नाही.

नकला काढल्या. दुखापत प्रमाणपत्राच्या मागे जोडलेल्या एमएलसीच्या पानावर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, "आणणाऱ्याचे नाव" अशी ओळ आहे. तेथे निळ्या शाईत धाकट्याचे नाव आहे आणि पुढे "नाते: चुलत भाऊ" असे लिहिले आहे. वेळ सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. फिर्यादीत मारहाणीची वेळ ९ ची आहे. हे पान दोन वर्षे न्यायालयात निशाणी पडून होते, आणि आमच्यापैकी कोणीही ते उलटून पाहिले नव्हते.

परवा निकाल झाला. ३२५ मध्ये दोषी, ५०४ आणि ५०६ मधून सुटका. न्यायाधीशांनी जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेबाबत ऐकले. आमच्या वकिलांनी सुरुवात म्हाताऱ्या आईवडिलांनीच केली, पण नंतर ते पान दाखवले. न्यायाधीशांनी स्वतः फाईल उलटून ती ओळ वाचली आणि सरकारी वकिलांना विचारले, "यावर काही म्हणणे?" त्यांनी फक्त भरपाईचा मुद्दा मांडला. चुलत भावाने औषधपाण्याच्या पावत्या आणल्या होत्या, त्या दाखल करून घेतल्या. न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला आहे आणि शिक्षेसाठी पुढची तारीख दिली आहे. धाकटा तोपर्यंत जामिनावरच आहे. भरपाईसाठी आम्ही दोन गोऱ्हे विकायला काढले आहेत.

अधिकारी या आठवड्यात येतील असे कळते. आम्ही काय तयारी ठेवावी? वडिलांना ऐकू कमी येते, त्यांना त्या दिवशी शेतावर पाठवावे का?

लातूरची लेक

वडिलांना घरीच ठेवा. ऐकू येत नाही हे अधिकाऱ्यांना सांगा, ते मोठ्याने विचारतील. घर नेहमीसारखे असू द्या, पाहुण्यांना बोलावून ओसरी भरवू नका. धाकटा भरतीच्या सरावाला जातो त्याचे काही असेल, शेतमालाच्या मोंढ्यातल्या पावत्या असतील, तर त्या हाताशी ठेवा.

काळा कोट

ताईंच्या यादीत दोन गोष्टी जोडतो. अधिकारी चुलत भावाच्या घरीही जातील. त्यांच्या आधी आपल्याकडून कोणीही तेथे जाऊ नये, गोऱ्हे विकल्याचे सांगायलाही नाही. आणि पुढच्या तारखेला दोन्ही शक्यतांची तयारी ठेवून जावे. बंधपत्र झाले तर जामीनदार लागू शकतो, म्हणून सातबारा घेऊन एक माणूस सोबत असावा. कारावास झाला आणि तो तीन वर्षांपेक्षा जास्त नसला, तर अपिलासाठी शिक्षा स्थगित ठेवण्याचा अर्ज त्याच न्यायालयात त्याच दिवशी करता येतो; तो टंकलिखित करून वकिलांच्या फाईलमध्ये आधीच असू द्या. अपिलाची मुदत ३० दिवस आहे, आणि परिवीक्षेचा लाभ अपिलातही मागता येतो.

दुधनाकाठ

ठीक. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, मामांचाही घेतो. अधिकारी येऊन गेल्यावर लिहीन.

बालाघाटी

चुलत भावाला त्याच्या पावत्यांची नक्कल स्वतःजवळ ठेवायला कोणीतरी सांगितले आहे का? आमच्या मूळ पावत्या न्यायालयात गेल्या, आणि अपिलाचा विचार केला तेव्हा आमच्या हातात एकही कागद नव्हता.